इंडेक्स असूनही

"अडतीस सेकंद, मॅडम! एक रक्तदाता शोधायला! तेवढ्यात माझा चहा पिऊन कपही विसळून होतो." फोनवर रक्तपेढीतला कारकून करवादला.

कीबोर्डवरची तिची बोटं थांबली. घरी बसून ती त्यांचा डेटाबेस सांभाळायची. फोन नंबर टाकला की मशीन नऊ लाख नोंदी पहिलीपासून शेवटपर्यंत चाळत होतं. नंबरांचा इंडेक्स तर तिनेच बनवला होता. पुस्तकामागे सूची असताना हे वेडं पानन् पान का उलटतंय?

आतल्या खोलीत ठकीने भोकाड पसरलं.

ती धावली. दूध दिलं, नको. लंगोट पाहिला, कोरडा. खुळखुळा झाला, गाणं झालं, कडेवर घेऊन येरझाऱ्या झाल्या. सात महिन्यांचं पोर रडून लालबुंद.

"आणा इकडे," ठकीला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. तिला खांद्यावर टाकून त्या खिडकीकडे वळल्या. चार श्वासांत पोर गप्प.

"हातात जादू आहे हो तुमच्या," ती गोड हसली. मनातून मात्र जळफळत होती. टाके मला पडले, जागरणं मी काढली, आणि लेक हिची! ठकीने मावशींची वेणी मुठीत घट्ट धरली होती. बास. पुढच्या महिन्यापासून मावशी नकोत. आजच सांगायचं.

रागारागात ती पुन्हा कामाला बसली. तासाभराने मेख सापडली. नंबर साठवला होता अक्षरं म्हणून, दाता शोधायचा फॉर्म विचारत होता संख्या म्हणून. त्यामुळे मशीन एकेक नोंद संख्येत बदलून ताडून बघत होतं. इंडेक्स बिचारा जागच्या जागी होता, हाक तेवढी चुकीची जात होती. तिने नंबराभोवती अवतरणचिन्हं घातली, म्हणजे तोही अक्षरं म्हणूनच विचारला जाईल. डोळा लवायच्या आत दाता हजर.

"अहो, चहाला उसंतच ठेवली नाहीत!" कारकून फोनवर म्हणाला.

तिने हात आवरले. आत ठकी पुन्हा रडू लागली.

आता सांगूनच टाकू, म्हणून ती दारापर्यंत गेली आणि थबकली. मावशी ठकीला थोपटत नव्हत्या. त्यांची बोटं तिच्या पाठीवर भराभर नाचत होती. मध्येच अंगठ्याचा एक ठोका. पुन्हा बोटं.

"मावशी, हे काय?"

मावशी ओशाळल्या. "रागावू नका हं. पोटात होती तेव्हापासून तुमची टकटक ऐकतेय ना ती. तुमचा हात थांबला की हिचा भोंगा सुरू. मग मी तुमची नक्कल करते झालं. मला कुठलं येतंय टायपिंग! चुकलं की किंचाळते मेली."

तिने ठकीला खांद्यावर घेतलं. इवल्याशा पाठीवर बोटं टेकवली आणि सावकाश टाइप केलं: मावशी पुढच्या महिन्यातही येणार आहेत.

'आहेत'च्या आधीच ठकी झोपली होती.