अडीच घटिका

"शनीची काय ती शांत करा जोशीबाबा, पन एक डाव बापाला पोरीचं तोंड बघू द्या," साळूबाई म्हणाली, आणि तिनं नृसिंहभटांपुढं दवाखान्याची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती. "न्हाईतर सासूबाई माघात त्यांचं दुसरं लगीन लावत्यात. नवरीबी बघून झाली."

'त्यांचं' म्हणजे पुंजारामचं, तिच्या नवऱ्याचं. तो बाहेर अंगणात लिंबाखाली घराकडं पाठ करून बसला होता. अडीच वर्षांपूर्वी त्याची पोर कौशी मिशनच्या दवाखान्यात जन्मली, आणि नृसिंहभटांनी तिची पत्रिका मांडली. दशमात, म्हणजे बापाच्या घरात, रवीशेजारी शनी. बारा वर्षं बापानं पोरीचं तोंड पाहू नये, पाहिलं तर बाप हाती लागणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. अख्ख्या राहात्यात त्यांचा शब्द कोण मोडणार? साळूबाई तेव्हापासून माहेरी. पुंजाराम दर बाजारी ज्वारीचं गाठोडं घेऊन यायचा, पाठमोराच बसायचा, पाठमोराच बोलायचा. कौशी त्याच्या पाठीला लोंबकळायची. तेवढं शास्त्रात बसत होतं.

आज साळूबाईबरोबर हन्नाबाईही आली होती. दवाखान्यातली नर्स, कौशीचा जन्म तिच्याच हातचा. सकाळी बाजारात तिनं बापाला तसं बसलेलं पाहिलं, कारण ऐकलं, आणि तशीच बरोबर निघाली. ओट्याच्या पायरीखाली ती उभी होती. वर ये असं तिला कुणी म्हटलं नाही.

नृसिंहभटांनी चष्मा लावून चिठ्ठीवरची जन्मवेळ वाचली. "सकाळी सव्वाअकरा. सूर्योदयापासून किती घटिका झाल्या ते काढायचं, त्यावरून लग्नरास. सगळं तेव्हाच काढलंय. शनी हलायचा नाही, बाई."

"जोशीबाबा," हन्नाबाई खालून म्हणाली, "सव्वाअकरा तसेच धरले तुम्ही?"

"मग कसे धरायचे?"

"लढाईचे दिवस होते ते. सरकारनं सगळी घड्याळं तासभर पुढं केलेली. आमच्या दवाखान्यातलं पण. पंचांगातला सूर्योदय मात्र जुन्याच टायमाचा असणार ना?"

नृसिंहभटांनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली. गावातल्या बाया घरीच बाळंत व्हायच्या. वेळ सांगायच्या त्या उन्हावरून, गुरं सुटली त्यावरून. लढाईचा टाइम कचेरीत नि स्टेशनावर, जोशाच्या ओट्यावर त्याचं काय काम? घड्याळाची वेळ लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हाती आली ती ही पहिलीच. एकदाची पक्की वेळ मिळाली म्हणून तेव्हा केवढे खूश झाले होते ते!

त्यांनी पाटी ओढली. एक तास, म्हणजे अडीच घटिका. वजा केल्या. कन्या लग्न गेलं, सिंह आलं. शनी आणि रवी दशमातून उठले आणि लाभस्थानात जाऊन बसले. त्यांनी पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. बापाच्या घरात शनीचं नाव नव्हतं.

तीस वर्षं पत्रिका मांडत होते.

"साळूबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "ग्रहमान पालटलंय. आता भय नाही. खुशाल बघू द्या तोंड."

"देवा! तुमी व्हता म्हनून वाचलो!" साळूबाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती हुंदके देऊ लागली. हन्नाबाई जमिनीकडं बघत राहिली.

नृसिंहभटांनी पाय मागं ओढले. त्यांना लाज वाटली. अशी की त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उठा, बाई. ग्रह कुठले पालटतात! ते पहिल्यापासून तिथंच होते. मी चुकलो. भय कधीच नव्हतं."

साळूबाईनं डोकं वर केलं. डोळे पुसायचेही राहिले. "मंग आमी अडीच वरसं काय केलं, जोशीबाबा?"

नृसिंहभट अनवाणीच अंगणात उतरले. ओट्यावर खेळत असलेल्या कौशीला घेऊन साळूबाई मागोमाग आली.

"पुंजाराम, वळ. बघ पोरीला."

"शांत झाली?"

"शांत नको. पत्रिका चुकीची मांडली होती. मी."

पुंजाराम लगेच वळला नाही. "नक्की ना? माझं काय न्हाई. पन माझ्यामागं ह्या दोघी हायती."

"नक्की," नृसिंहभट म्हणाले.

मग तो वळला. पोरीकडं बघत राहिला. "आयला, डोळं माझ्या आईचं हायती की गं!" म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

कौशीनं किंकाळी फोडली. आईच्या लुगड्यात तोंड खुपसून ती थयथयाट करायला लागली. "ह्यो न्हाई! माझा बाबा! माझा बाबा पायजे!"

"आगं, त्योच बाबा हाय तुजा," साळूबाई समजावत होती. पोर ऐकेना. रडून रडून तिला उचकी लागली.

पुंजारामनं हात खाली घेतले. "नगं रडूस, बाय," तो म्हणाला, आणि पुन्हा लिंबाकडं तोंड करून, पाठ फिरवून बसला.

कौशी धावत आली आणि त्याच्या पाठीला बिलगली.