उलटा पीळ

नाताळची रोषणाई बघायला गुरुजी सुनेला आणि नातीला घेऊन छावणीतल्या ख्रिस्ती वस्तीत आले होते. एका दारावरच्या कागदी चांदणीपाशी सून थबकली. "बाबा, हा आपलाच दिवाळीचा कंदील. माळ्यावरून चोरलेला." घर त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या एस्तेरचं होतं. गुरुजींनी चांदणी निरखली. कामट्या तशाच, टोकांची दुहेरी गाठही त्यांचीच. ती त्यांनी फक्त नातीला शिकवली होती. "उद्यापासून तिचं काम बंद," सून पुटपुटली. तेवढ्यात एस्तेर फराळाचं ताट घेऊन बाहेर आली. गुरुजींनी चष्मा पुसून गाठ पुन्हा पाहिली. पीळ उलटा होता. शाळेतही समोरून बघून शिकणाऱ्या मुलांचा असाच पडायचा. "तू बनवलीस?" "व्हय गुरुजी. तुम्ही पोरीला शिकवत होता, तवा पोळ्या लाटता लाटता बघितलं. चुकली का?" गुरुजींनी ताटातली करंजी उचलली. "पुढच्या दिवाळीला समोर नको, माझ्या शेजारी बस."