जिंकल्याची लड

पुसदच्या फुटबॉल फायनलमध्ये तांड्याची टीम शेवटी लागोपाठ दोन गोल खाऊन एका गोलानं हरली आणि चहाच्या टपरीवर जाणकारांना नुसता ऊत आला. जन्मात बॉलला पाय न लावलेले देवीलालकाका सगळ्यांत पुढे.

"गोलात माहा बैल उभा केला असता, तं त्यानंबी अडवला असता! डोये फुटले होते काय या शामचे? समोरून येनारा बॉल दोनदा दिसला नाई याले!"

टपरीभर माना डोलल्या. गोलकीपर शामनं लाल झालेले डोळे चोळले.

 

"नाई दिसला, काका. मॅच संपाले पाच मिनिटं बाकी होते, अन् तुम्ही जिंकलोच म्हनून माह्याच गोलामागं फटाक्याची लड लावली. त्या धुरात तुमच्या बैलालेबी दिसला नसता."