अँटेनावरचं वानर

पडद्यावर ‘उपग्रह: दोन’ असं दिसलं आणि वसुधाताई सबनीसांचा चहा तसाच राहिला.

जीपीएसचे उपग्रह आज एकेक करून बंद होत होते. रस्ता दाखवायला दुसरी साधनं आली होती आणि आता प्रत्येक मोबाइलमध्येच अणुघड्याळ होतं; आकाशाला वेळ विचारायची गरज कुणाला उरली नव्हती. आंबा घाटातल्या डोंगरावरचा रिसीव्हर मात्र उपग्रहांकडून वेळ घेऊन जुन्या लाइनवरून अजून पुण्याला पाठवत होता आणि वसुधाताई तिथे बसून त्याच्यावर नजर ठेवून होत्या. इतकी वर्षं हेच काम. आकडा घसरला की डोंगरावरच्या रखवालदार राऊमामांना फोन जायचा, “मामा, अँटेनावर वानर बसलंय का बघा.” बहुतेकदा बसलेलं असायचंच. मामांनी ते हाकललं की आकडा पुन्हा चढायचा.

आता एक. मग शून्य.

कारण ठाऊक असूनही त्यांनी फोन लावला. “मामा, वानर बसलंय का हो?”

राऊमामांनाही सकाळीच सगळं कळलं होतं. तरी ते धापा टाकत जिना चढले. गच्चीवर अँटेनापाशी कुणीच नव्हतं.

“बसलंय की, ताई. लई दांडगं हाय,” ते म्हणाले. “फोन ठेवू नगा, हाकलतो.”

आणि रिकाम्या गच्चीवर त्यांनी जोरात काठी आपटली.