राणीची वेणी

“वेणी! राणीची वेणी बघा!” घार सोफ्यावर उभीच राहिली.

बाबांनी चित्र थांबवून मागे नेलं. राणी रडत होती तेव्हा वेणी डाव्या खांद्यावर होती. डोळे पुसून झाले, तर उजव्या.

“शाबास! मी तीनदा बघितला हा भाग, तरी सुटलंच माझ्या नजरेतून.”

ऐतिहासिक मालिकांमधल्या चुका पकडणं हे बाबांचं कामच होतं. अर्धी जळलेली मेणबत्ती पुढच्या क्षणी उंच दिसता कामा नये. सैनिकाच्या मनगटावर घड्याळाचा पांढुरका वळ दिसता कामा नये. प्रत्येक भाग ते घरी आणून पुन्हा एकदा बघत, आणि सात वर्षांची लेक शेजारी बसे. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून ते तिला घार म्हणत.

आई दुधाचा पेला घेऊन दारात उभी होती. “मला नाही बाई कळत यातलं काही. मला सगळ्या राण्या सारख्याच दिसतात.”

घार हसली नाही. तिने पेला घेतला आणि बाबांना चिकटून बसली.

आईला हॉस्पिटलमधून येऊन महिना होत आला होता. मेंदूज्वराने तिचं मागचं सगळं पुसून नेलं होतं. स्वतःचं लग्न झालंय हेसुद्धा तिला बाबांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण इतक्या दिवसांत घारीने तिला एकदाही ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती. वेणी घालून घ्यायची, घास घ्यायची, काही हवं असलं की नुसती जवळ येऊन उभी राहायची. त्या एका हाकेसाठी आईचा जीव दिवसभर कानात गोळा झालेला असायचा.

“म्हणेल गं,” बाबा समजूत घालत. “तू आधी पहिल्यासारखी हो, मग तीही होईल.”

आणि हलकेच आठवण करून देत. भांग मधून, बाजूने नाही. चहात साखर घेत नाहीस तू, विसरलीस? एवढ्या मोठ्याने हसायची नाहीस. कधी आवाज म्हणून चढवला नाही त्यांनी. किती सोसतोय हा माणूस माझ्यापायी, असं आईला वाटे.

पडद्यावर राजा आला.

“हा तो राजा नाहीये,” घार म्हणाली.

“आता हाच.”

“का?”

“आधीचा फार चुकायचा.”

“मग राणी काहीच कशी म्हणत नाही?”

“तिने नसतं म्हणायचं.” बाबांनी चित्र पुढे सोडलं. “लोक चार दिवस कुरकुरतात, मग विसरतात.”

घारीच्या ओठांवर दुधाची मिशी उमटली होती. आईने ती बोटाने पुसली. पोरगी मागे सरली नाही. आईला तेवढंही पुरलं.

जेवणं झाल्यावर बाबा स्टुडिओत गेले. आईला अजून रस्ते आठवत नव्हते, म्हणून जाताना नेहमीसारखं बाहेरून कुलूप लावून गेले.

आईने घारीला न्हाऊ घातलं. ओले केस पंचाने पुसता पुसता ती काहीतरी गुणगुणत होती. कुठलं गाणं, कधी शिकलेलं, तिलाही ठाऊक नव्हतं.

“हळू गं, डोकं आहे, नारळ नाही,” घार कुरकुरली.

आई खळखळून हसली, अगदी मोठ्याने. मग चपापून तिने तोंडावर हात ठेवला.

घार तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग पलंगावर चढली, तिच्या कुशीत शिरली आणि आपले गार पाय तिच्या पोटऱ्यांवर टेकवले.

“आई.”

आईने तिला आणखी जवळ ओढलं. “काय गं राणी? परत म्हण ना.”

“आई, ते गाणं बाबांसमोर नको म्हणूस. आईला गाता यायचं नाही.”

“अगं, आजारपणात थोडंफार इकडचं तिकडे होतंच माणसाचं.”

“आणि तुझ्या कानाला दोन-दोन भोकं आहेत.” घारीने तिच्या कानाच्या पाळीला अलगद बोट लावलं. “आईच्या कानाला एकच होतं. बाबांनी अजून बघितलं नाहीये. तू केस पुढे घेत जा.”

आईचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“तू... तू हे बाबांना सांगितलंस?”

घारीने मान हलवली. तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, घट्ट, कोणी ओढून नेईल असे.

“नाही. सांगणारही नाही. मागच्या आईच्या चुका सांगितल्या होत्या मी.”