सिस्टरचा ओरडा

“उठा हौसाबाई, फेऱ्या मारा! टाके पोटाला घातलेत, पायांना नाही.” सिस्टर खेकसली आणि शेजारच्या खाटेवर आक्कांची वेणी घालायला बसली.

हौसाबाईचा जळफळाट झाला. दोघींचं ऑपरेशन एकाच दिवशी झालेलं. पण हिला नुसती पेज, अन् आक्कांना मागतील ते. सकाळी तर सिस्टरनं स्वतः जिलेबी भरवली!

सिस्टर गेल्यावर ती फणकारली, “तुमचेच बरे लाड करते!”

आक्का वेणीवरून हात फिरवत राहिल्या. “डॉक्टरांनी माझं पोट उघडून बघितलं अन् काही न करताच शिवलं. तेव्हापासून ती मला ओरडत नाही गं.”

तेवढ्यात सिस्टर परतली. “अजून बसूनच?”

हौसाबाई भिंत धरून उठली. “सिस्टर, आक्कांनाही ओरडा की जरा.”