निरोप

सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत उपासाचं व्रत, घेऊन राजमतीबाईंनी अन्न सोडलं, तसं सारं गाव दर्शनाला लोटलं. "घरात पुण्य चालून आलंय," म्हणत बायका त्यांच्या सुनेच्या, त्रिशलेच्याही, पाया पडू लागल्या. मरणाचं एवढं कौतुक ती पहिल्यांदाच बघत होती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या भावानं, धन्यकुमारनं, जीव दिला, तेव्हा ह्याच बायका तिची नजर चुकवून जात. "महापाप ते! त्याचं नाव ह्या घरात नको," असं सासूनंच बजावलं होतं. त्रिशला रडली तीसुद्धा न्हाणीघरात, नळ सोडून.

दुपारी गर्दी ओसरली. सासूनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"मी आता निघाले. तिकडं तुझा धन्यकुमार भेटला, तर काय सांगू?"

त्या तोंडून ते नाव ऐकून त्रिशलेच्या हातातला पंखा थांबला.

"म्हणावं, एक हाक मारायचीस रे. मी असेन तशी धावत आले असते."

सासूनं डोळे मिटले.

"आणि मी तुला त्याच्याकडं जाऊ दिलं नसतं," ती पुटपुटली, "तेही सांगते."